नवीन जोडलेल्या पीसीवर फोटो टाकायच्या आधी रॅम तपासा

रॅमचा प्रॉब्लेम कधी रॅमचा म्हणून समोर येतच नाही. झिप फाईल उघडताना सीआरसी एरर (फाईलमधला डेटा बिघडल्याचा इशारा) येतो, ब्राउझरचा एखादाच टॅब मरतो, विंडोज इन्स्टॉल होताना मधेच अडकतं, आणि मग ब्लू स्क्रीन, तीसुद्धा दर वेळी वेगळ्या नावाची. मग जो तो सांगतो की विंडोज परत टाक. माझं ठाम मत आहे की आधी ते करू नका.

आमचा जुना मदरबोर्ड गेला म्हणून मी घरचा पीसी परत जोडला. बोर्ड-प्रोसेसर नवे, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक घरात होत्याच आणि तशाच अजून दोन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणल्या (ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पण तिथे चार दुकानं फिरून घेता येतं). बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ३२ जीबी दिसले, एक्सएमपी (रॅमला पाकिटावरचा स्पीड देणारी तिथलीच सेटिंग) लावून ३२०० चा स्पीड दिला, सगळं मस्त. नंतर आईचे जुने फोटो कॉपी करायला घेतले तर काही फोटो अर्धे बरोबर आणि खाली नुसता राखाडी पट्टा.

इथे सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. फाईल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाते ती रॅममधूनच जाते, वाटेत एक बिट जरी उलटा झाला तरी कॉपी "यशस्वी" म्हणूनच संपते, घरगुती पीसीत साधारणपणे ईसीसी (अशी चूक स्वतः पकडणारी) रॅम नसते त्यामुळे कोणी ओरडत नाही. म्हणून रॅम तपासून होईपर्यंत जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करायची नाही, शक्यतो जोडायचीसुद्धा नाही. आमची शाबूत होती म्हणून आईचे फोटो वाचले.

तपासायला मेमटेस्ट८६+ घ्या, फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बूट होतं, विंडोज लागतच नाही. रात्री लावून झोपा, ३२ जीबीला वेळ लागतो. लाल ओळी, म्हणजे एरर, शून्य हव्यात, "एकच एरर आहे, चालेल" असं नसतं.

माझ्याकडे चारही स्टिक लावून एरर आले. मग एक-एक स्टिक एकाच स्लॉटमध्ये टाकून तपासली, सगळ्या पास. जुनी जोडी पास, नवी जोडी पास, चारही एकत्र ३२०० ला नापास, एक्सएमपी बंद करून २६६६ ला परत पास! म्हणजे कुठलीच स्टिक खराब नाही. एक्सएमपी हे खरं तर ओव्हरक्लॉकिंगच आहे (म्हणजे ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणं), माझ्या स्टिकना १.२ व्होल्टऐवजी १.३५ मिळतात, आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, चार स्टिकचा भार त्याच्यावर येतो. पाकिटावरचा स्पीड त्या पाकिटातल्या जोडीपुरता असतो, दोन पाकिटं मिळून तेवढंच मिळेल असं कंपनी कुठेच म्हणत नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट, तरी मॅन्युअल बघा. एखादी स्टिक दिसतच नसेल तर काढून दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत परत बसवा, तरी नाही तर प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूला जास्त आवळलाय का बघा, सॉकेटची पिन वाकली असेल तरीही असंच होतं. आपल्याकडे स्टिकचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरने पुसायची पद्धत आहे, पावसाळ्यातल्या दमट हवेत कॉन्टॅक्ट खराब होतात हे खरं, पण सोन्याचा थर फार पातळ असतो, त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

मी सध्या चारही स्टिक २६६६ लाच ठेवल्यात, फोटो एडिटिंगला काही फरक जाणवत नाही. तुमच्याकडे एकटी स्टिकसुद्धा साध्या स्पीडला, दुसऱ्या स्लॉटमध्येही एरर देत असेल तर मेमटेस्टच्या त्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून बिलासकट दुकानात न्या, वॉरंटीत बदलून मागा, आणि जोडी असेल तर जोडीच बदलून घ्या.