होलोक्यो: आगीनंतरही घडण न सोडलेलं गाव

हंगेरीला जाणारे बहुतेक जण बुडापेस्ट पाहून परततात. एक दिवस हाताशी असेल, तर तिथून ईशान्येला साधारण ९० किलोमीटरवरचं होलोक्यो गाठाच. चेरहात टेकड्यांतलं हे पालोत्स लोकांचं (उत्तर हंगेरीतला एक समाज) छोटं गाव १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

पांढऱ्याशुभ्र घरांची रांग पाहून ती शेकडो वर्षांची असतील असं वाटतं. पण १९०९ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि लोकांनी तो जुन्याच आखणीवर पुन्हा उभा केला. जोतं दगडी, भिंती कच्च्या विटांच्या, गवताच्या जागी कौलं. कोरीव लाकडी कठड्याची ओसरी मात्र तशीच. सामान बदललं, घडण नाही. मला या गावाचं सगळ्यात मोठं अप्रूप याचंच वाटलं.

रस्त्यावरून फोटो काढून पुढे जाऊ नका, घरांच्या मागेही डोकावा. पहिल्या पिढीचं घर रस्त्याला लागून, मुलानातवांची त्याच अरुंद पट्टीत मागे मागे. आपल्याकडच्या वाटण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत! आतली मांडणी समजून घ्यायला ग्रामसंग्रहालयात जा: पुढे ठेवणीतली खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे कोठार. वेळ कमी असेल तर बाहुल्यांचं संग्रहालय सोडा, हे सोडू नका.

दोन गल्ल्या फुटतात तिथे १८८९ चं, लाकडी मनोऱ्याचं लहानसं चर्च आहे. तिथून किल्ल्यावर जायला पंधरावीस मिनिटांची चढण. १२४१ च्या मंगोल स्वारीनंतर, तेराव्या शतकात हा किल्ला बांधला गेला; पुढे तो काही काळ तुर्कांच्या ताब्यातही होता. सैतानाच्या कावळ्यांनी याचे दगड वाहून आणले, अशी दंतकथा आहे. सकाळी आधी किल्ला करा. वरून गावाची आखणी एका नजरेत कळते आणि मग गल्ल्यांत फिरताना काय पाहायचं ते उमगतं.

रस्ता गोट्यांचा आहे, जाड तळाचे बूट घाला. आजीआजोबा सोबत असतील तर त्यांना खालीच, एखाद्या ओसरीवर निवांत बसू द्या. थोडे फोरिंट (हंगेरीचं चलन) रोख जवळ ठेवा. ईस्टरला मुलींवर पाणी ओतण्याची प्रथा इथे थाटात साजरी होते. ती पाहायची तर मुक्कामाची सोय बऱ्याच आधी करा. हिवाळ्यात मात्र बरीच दारं बंद असतात. बसने जाणार असाल, तर परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवा.