आमची वाटचाल : दुसरं अर्धवर्तुळ

बेळगावच्या उद्यमबागेत आमची भट्टी पेटली तेव्हा शेजारपाजारचे सगळे फाउंड्रीवाले. झिरकॉन म्हणजे साच्याला लावायचं कोटिंग, एवढीच त्यांना ओळख. आम्ही साखर कारखान्यांच्या बॉयलरला लागणारे, धुरातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिजन सेल करणार होतो. झिर्कोनियात (झिर्कोनियम ऑक्साइड) 8 मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड). दोन यिट्रियम बसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते आणि त्या रिकाम्या जागांतूनच ऑक्सिजनचे आयन सरकतात. जास्त यिट्रिया घातला तर वहन वाढत नाही, उलट घटतं, हे पहिल्याच वर्षी पदरचे पैसे घालवून कळलं.

खानापूरचे मामा सुरुवातीपासून सोबत होते. जन्म मातीकामात गेलेला. प्लास्टरच्या साच्यात स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पावडर, ओतायचं काम त्यांचंच. सेलची नळी साच्यातून सुटली की ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे, पंखासुद्धा लावू द्यायचे नाहीत. "घाई केलास तर 1500 ला फुटतंय बघ. माती असू दे नाहीतर तुझी ही पावडर, वाळायचा कायदा एकच." क्लोराइडच्या द्रावणातून पावडर अमोनियाने पाडली की मी धुवत बसायचो. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरं येतं का बघायचं. येत असेल तर परत धुणं. क्लोराइड राहिलं तर पावडरीच्या गुठळ्या होतात आणि नळी घट्ट भाजत नाही.

पाचव्या हंगामाआधी ऑर्डर वाढली. झिर्कोनियाचे गोळे महाग, म्हणून पावडर दळायच्या बॉलमिलमध्ये पोर्सिलेनचे (चिनी मातीचे) गोळे टाकले. निर्णय माझा होता. एक्स-रे तपासणीत भेसळ दिसली नाही, घनता 5.8, म्हणजे नळी घट्ट भाजलेली. माल गेला आणि गाळप सुरू झाल्यावर एकेका कारखान्यातून फोन यायला लागले, रीडिंग थरथरतंय. 62 सेल परत आले. त्याच वेळी एका मोठ्या कंपनीचा माणूस आमचा एक सेल खिशात घेऊन कारखान्या-कारखान्यांत फिरला. "बेळगावची माती आहे ही," असं सांगायचा. बँकेचा हप्ता दोनदा चुकला. मामांनी तीन महिने पगार घेतला नाही.

शेवटी कॉलेजच्या सरांकडे सेलचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बघायला गेलो. 350 अंशांवर कागदावर दोन अर्धवर्तुळं उमटली. पहिलं, दाण्यांच्या आतल्या अडथळ्याचं, जुन्या मालासारखंच. दुसरं, दाण्यांच्या सांध्यांचं, फुगून तिप्पट. सर म्हणाले, "दाणे चांगले आहेत हो तुमचे. दाण्यांच्या मधल्या भिंतीत काहीतरी भरलंय." ते सिलिका होतं. पोर्सिलेनचे गोळे झिजून ते पावडरीत उतरलं आणि भाजताना काचेसारखं दाण्यांच्या सांध्यांत पसरलं. झिर्कोनियाचे गोळे कर्ज काढून आणले, शिवाय पावडरीत एक टक्का अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) घातलं. ते सिलिकाला धरून ठेवतं. बेळगाव अॅल्युमिनाचं गाव, आणि मला हे इतक्या उशिरा सुचावं!

चिकोडीकडच्या एका कारखान्याचे इन्स्ट्रुमेंटचे साहेब तेवढे थांबले होते. नवा सेल त्यांनी त्या कंपनीच्या प्रोबशेजारीच (सेल असलेल्या मोजदांडीशेजारी) बसवला. रात्री दोनला फोन आला. "अहो, 5 टक्के ऑक्सिजनला हिशेबाने 700 अंशांवर 30 मिलिव्होल्ट यायला पाहिजेत ना? तीसवर उभा आहे तुमचा. हलत नाही की." मी मामांना झोपेतून उठवून सांगितलं.

तेव्हापासून अकरा वर्षं काम चालू आहे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, गोळ्यांत पैसे वाचवू नका. तापमान न सांगता कुणी वाहकतेचा आकडा दिला तर माल घेऊ नका. आमच्या पावडरीची 1000 अंशांवरची सेंटीमीटरला 0.1 सीमेन्स वाहकता 700 वर पार खाली येते. आणि कारखान्यातल्या मंडळींनो, बॉयलरच्या चुलीत बगॅस (उसाचं चिपाड) जळत असेपर्यंत प्रोबचा हीटर बंद करू नका, गार सेलवर ओल धरते.

मामा गेले, त्यांचा साचा अजून वापरात आहे. त्या कंपनीच्या माणसाने मात्र ते "बेळगावची माती" हे बोलणं एकाही कारखान्यात मागे घेतलं नाही. मी ते विसरलेलो नाही.