सर्दीतली अर्धमॅरेथॉन

सोलापुरात जानेवारी म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावरची गड्डा जत्रा आणि त्यापाठोपाठ घरोघरी घसा धरलेली माणसे. यंदा अर्धमॅरेथॉनच्या ऐन तोंडावर माझेही नाक वाहू लागले. पावसाळ्यापासून केलेला सराव, भरलेले शुल्क आणि हातात आलेला क्रमांक एवढे सगळे समोर असताना घरी बसणे कोणाही धावणाऱ्याला जड जाते. म्हणूनच धावायचे की नाही आणि धावलो तर कुठे थांबायचे, या दोन्ही गोष्टी आदल्या रात्रीच ठरवून टाकाव्यात, असे माझे मत आहे. शर्यत सुरू झाल्यावर ढोल वाजत असतात, ओळखीचे चेहरे हाका मारत असतात आणि अशा वेळी स्वतःच्या शरीराबद्दल आपण देत असलेली साक्ष फारशी विश्वासार्ह राहत नाही.

माझा मावसभाऊ डॉक्टर आहे. त्याने सांगितलेला नियम धावणाऱ्यांच्या वर्तुळात सर्वत्र चालतो. त्रास गळ्याच्या वर असेल, म्हणजे शिंका, चोंदलेले नाक, किंचित खवखव, तर हळू धावायला हरकत नाही; मात्र छातीत कफ, अंगदुखी, जुलाब किंवा ताप असेल तर बूट घालायचेच नाहीत. यामागे ठोस कारण आहे. ताप एक अंश सेल्सियसने वाढला की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात, आणि धावताना शरीर स्वतःच उष्णता निर्माण करत असल्यामुळे तापलेला धावपटू उष्माघाताच्या दिशेने आधीच काही पावले पुढे गेलेला असतो. त्याहून गंभीर बाब अशी की, फ्लू किंवा कॉक्सॅकीसारखे काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. त्या अवस्थेत जोराचे श्रम झाले तर ठोक्यांची लय बिघडून जिवावर बेतू शकते. हे प्रमाण कमी असले तरी सूज आली आहे की नाही, हे धावणाऱ्याला आतून कळत नाही.

दुसरी सूचना गोळीबद्दल होती. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल, फिनाईलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन असे मिश्रण असते. पहिल्याने ताप झाकला जातो, दुसऱ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढू शकतो आणि तिसऱ्याने तोंड कोरडे पडून झापड येते. ज्या लक्षणांवर थांबण्याचा निर्णय अवलंबून आहे, तीच लक्षणे गोळीने दडपायची, हे मला तरी पटत नाही. अंगदुखीवरची आयबुप्रोफेन तर शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवर ताण आणते, त्यामुळे ती लांबच्या धावेआधी टाळलेलीच बरी. मी रात्री फक्त वाफ घेतली, पहाटे थर्मामीटर लावला, ताप नव्हता, आणि मी निघालो.

सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागेपर्यंत सगळे सुरळीत होते. नेहमीच्या गतीपेक्षा बराच हळू, शेजारच्याशी अख्खे वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने मी धावत होतो. नाक बंद असल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागत होता आणि आपल्याकडची कोरडी हवा घशाला खरवडत होती, पण कंबर तलाव मागे पडेपर्यंत त्रास गळ्याच्या वरच होता. (तलावाला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात; माझ्या तोंडून जुनेच नाव जाते.) सोरेगाव ओलांडल्यावर ऊन चढू लागले, आजूबाजूचे सगळे घामाने निथळत होते आणि माझ्या दंडांवर मात्र काटा उभा राहिला. मांड्या दुखू लागल्या होत्या, तरी ते श्रमाचे दुखणे म्हणून सोडून देता आले असते. उन्हात वाजणारी थंडी तशी सोडून देता येत नाही. मी चालायला लागलो. ठरलेली अट अशी होती की, काही मिनिटे चालूनही नाडी खाली आली नाही तर शर्यत तिथेच संपली असे समजायचे. नाडी खाली येईना.

पाण्याच्या टेबलावरच्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि खुर्ची पुढे सरकवली. “काका, बसा की जरा. पळायला काय, पुढच्या वर्षी हाय की.” त्याने दिलेले ओआरएस घोट घोट घेत बसलो आणि आयोजकांच्या गाडीने परत आलो. संध्याकाळी ताप 101 अंश फॅरेनहाइट होता.

नंतर आमच्या गटात “एवढे आलाच होतात, तर खेचायचे ना” असा सूर निघाला. दुखणे अंगावर काढणे आपल्याकडे मर्दुमकीचे लक्षण समजले जाते आणि शर्यतीच्या फलकांवरही अशाच आशयाच्या घोषणा असतात. त्या घोषणा लिहिणाऱ्यांनी रुग्णवाहिकेच्या शेजारी एक सकाळ उभे राहून पाहावे. मावसभावाने नाडी आणि ईसीजी पाहिला, दोन्हींत काही दोष निघाला नाही. तरीही ताप पूर्ण उतरून सकाळची नाडी नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत धावणे बंद, त्यानंतर आधी नुसते चालणे, मग सावकाश पळणे, आणि छातीत दुखले, धडधडले किंवा जिना चढताना दम लागला तर लगेच दवाखाना, असे त्याने बजावले आहे. सध्या मी चालण्याच्या टप्प्यावर आहे.