किल्ड, मर्डर्ड की डाइड

१७ जानेवारी, बेळगाव

आज दिवसभर एका इंग्रजी क्रियापदापाशी अडकले. बेंगळूरला शिकणाऱ्या भाच्याला आजच्या हुतात्मा दिनाविषयी चार ओळी इंग्रजीत हव्या होत्या, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात घालण्याविरुद्ध उठलेल्या आणि १७ जानेवारी १९५६ ला पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेल्या आमच्या मराठी माणसांविषयी. त्याच्या होस्टेलवर कुणाला १९५६ मधलं काही ठाऊक नाही. "आत्ती, सरळ मर्डर लिही की," म्हणाला.

त्याचा राग मला कळतो. तरी मर्डर मी लिहिला नाही. त्या शब्दामागे कायदा उभा असतो: मारण्याचा हेतू, बेकायदा कृत्य, कोर्टात लागणारा पुरावा. खून आणि सदोष मनुष्यवध यांत कायदा फरक करतो तो त्यामुळेच. खून म्हणजे ३०२ हे आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही पाठ होतं. १ जुलै २०२४ पासून, नव्या भारतीय न्याय संहितेत, त्या शिक्षेचं कलम १०३ झालं. मर्डर लिहिलं की वाचणारा त्या एका शब्दावर वाद घालत बसणार आणि गेलेली माणसं बाजूला राहणार.

डाइड तर मुळीच नको. तापानं माणूस जातो तेव्हा डाइड. 'लॉस्ट देअर लाइव्ह्ज' मला त्याहून खटकतं. जीव काय त्यांच्या खिशातून पडला होता?

बाकीचे शब्द आपापल्या जागी चोख आहेत. ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात कन्नड विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गींना घरीच गोळ्या घातल्या, तिथे असॅसिनेट शोभतो, कारण माणूस नामवंत आणि मारण्यामागे त्याचे विचार. खानापूर तालुक्यात आमच्या नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला कंपनी सरकारनं फाशी दिलं, तिथे एक्झिक्यूटेड, किंवा हँग्ड. (हंग नव्हे. हंग भिंतीवरचं चित्र असतं.) पण एक्झिक्यूट जपून वापरावा. ओलीस धरलेल्यांना अतिरेक्यांनी एक्झिक्यूट केलं असं वर्तमानपत्रं लिहितात, तेव्हा त्या मारेकऱ्यांना नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं जातं. जालियनवाला बागेला मॅसॅकरच म्हणायचं, त्यात शंका नाही.

राहिला किल. साधा शब्द. थंडी किल करते, रेल्वे करते, बंदूकही करते. हेतूविषयी तो काही बोलत नाही, पण माणूस आपसूक गेला नाही, कशानं तरी मारला गेला, एवढं ठामपणे सांगतो. मला तोच हवा होता.

मग वाक्य कसं रचायचं? 'वेअर किल्ड इन पोलीस फायरिंग' असं सगळीकडे छापतात. त्यात गोळीबार आहे, गोळ्या झाडणारे कर्त्याच्या जागेवर नाहीत. पाऊस पडावा तसा गोळीबार झाला. आणि खरं सांगायचं तर आपलं मराठीही तेच करतं. 'हुतात्मा झाले' म्हणताना आहुती देणारा तोच कर्ता, मारणारा वाक्यात कुठेच नाही. चौकात फूल वाहताना तो शब्द मला हवाच, कारण तो त्यांचा मान आहे. पण ज्याला घटनाच माहीत नाही त्याला नुसतं मार्टर्ड सांगून काय कळणार? कुणी मारलं, हे तो विचारणारच.

म्हणून लिहिलं: 'द पोलीस ओपन्ड फायर अँड किल्ड देम.' कर्ता पहिला. खाली एक ओळ मुद्दाम घातली, की तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हैसूर राज्यात गेलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. नाहीतर ते पोलीस कोणत्या राज्याचे, याविषयी वाचणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो आणि होस्टेलवर मराठी-कन्नड भांडण लागतं. ते मला नको आहे.

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्म्यांचा, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचा मजकूर त्यांच्या स्मृतिदिनाच्या, म्हणजे १ जूनच्या आत करायचा आहे. तिथेही क्रियापद हेच ठेवीन.