रोलची डबी

परवा दुपारी दाढ ठणकायला लागली म्हणून लवंग शोधत होतो. ही आतूनच म्हणाली, "फडताळात काळी डबी आहे, बघा." काळी डबी म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलची. राखाडी झाकणाची. आमच्या वयाच्या माणसांच्या घरात अशी एक तरी निघतेच. कुणाच्या डबीत कापूर असतो, कुणाच्या अंगारा, तर कुणी तिच्यात सुट्टे पैसे ठेवतं. रोल संपले, दुकानं बंद पडली, डबी मात्र कुणी फेकली नाही. झाकण उघडताना टुप् असा आवाज होतो. त्या आवाजाला मी अजून दचकतो.

2001 चा मे महिना. आर्वीच्या पुढं मित्राचं गाव, आणि मित्राचं लग्न. कापसाचे चुकारे यायचे होते, म्हणून फोटोवाल्याचा खर्च वाचवायचा ठरलं. फोटो मी काढायचे. ठरलं म्हणजे काय, मीच उड्या मारत "मी आहे ना" म्हणालो होतो. साडूचा याशिका मागून आणला, छत्तीसचा एक रोल विकत घेतला. नवरदेव जानोश्यावरून निघाला तसा मी घरात माठाजवळ बसून रोल भरला. घामानं बोटं निसटत होती. रोलची जीभ पलीकडच्या खाचेत खुपसली, झाकण दाबलं आणि बाहेर पळालो.

त्या दिवशी माझा रुबाब काय सांगू! मंगलाष्टकं चालू असताना भटजीलासुद्धा मी "जरा बाजूला व्हा" म्हणालो. ज्वारीच्या अक्षता डोक्यावर पडताना, अंतरपाट सुटताना, पंगतीत बुंदी वाढताना, एकही क्षण सोडला नाही. मित्राच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा फेटा बांधला होता, गुलाबी. एरवी त्यांना टोपीशिवाय कुणी पाहिलेलं नाही. लाजत लाजत तीनदा माझ्याजवळ आले. "माहा एक काढ रे बावा. एकट्याचा." दोन काढले. एक उभ्यानं, एक खाटेवर बसून.

छत्तीस झाले तरी रोल संपेना. सदतीस, अडतीस, चाळीस. मला वाटलं, कंपनीनं चार फोटो फुकट दिले.

आर्वीच्या स्टुडिओवाल्यानं रोल धुतला आणि दारात उभं राहून उजेडात धरला. नारिंगी, कोरी करकरीत पट्टी. तो काही बोलला नाही. कॅमेरा उघडून त्यानं मला वरची रिवाइंडची खुंटी दाखवली. रोल पुढं सरकवताना ही खुंटी फिरली पाहिजे. नाही फिरली तर रोल जागचा हललेलाच नाही असं समजायचं. एवढंच होतं. दिवसभर मी चाळीस वेळा खटका दाबला आणि खुंटीकडं एकदाही पाहिलं नाही.

पंधरा दिवस मी मित्राला "रोल नागपूरला पाठवला आहे" असं सांगत राहिलो. मग सांगावंच लागलं. तो हसला. त्याची बायको हसली नाही, आणि तिचं बरोबर होतं. पुन्हा शालू नेसून स्टुडिओत जाऊ म्हटलं, तोवर पेरण्या लागल्या. पोळ्याच्या आठवड्यात त्याचे वडील गेले.

दिवाळीनंतर दोघं स्टुडिओत उभे राहिले. कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग तेव्हा नवं होतं. पहिल्याच पानावर दोघांच्या मागं आयफेल टॉवर, टॉवरच्या मागं बर्फाचे डोंगर आणि उजवीकडच्या दोन शिखरांच्या मधल्या आभाळात, गोलात, वडील. सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मवरचा पासपोर्ट फोटो, तेवढाच होता. टोपीतला.

गेल्या वर्षी आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून पोरानं आम्हाला तीन रात्री पॅरिसला पाठवलं. प्रेमी जिवांचं शहर म्हणे. पहिला दिवस बॅगेत ठेच्याची बरणी सांडली त्यात गेला. दुसऱ्या दिवशी सीन नदीवरचा तो कुलपांचा पूल पाहिला, म्हणजे पूल पाहिला, कुलपं नव्हती. जोडप्यांनी नावं लिहून कुलपं लावायची आणि किल्ली नदीत टाकायची, अशी रीत होती. 2014 मध्ये वजनानं कठड्याचा एक भाग खाली आला आणि 2015 मध्ये नगरपालिकेनं सुमारे 45 टन कुलपं उतरवली. हिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्या कोठीचं एक गंजून बसलंय, ते काढायला येतात का विचारा."

तिसऱ्या दिवशी टॉवर. 1889 सालचा, 330 मीटरचा, सगळा लोखंडी. उन्हाळ्यात लोखंड तापून काही सेंटिमीटर उंच होतो म्हणतात. आमच्या मे महिन्यात आणून उभा केला तर किती वाढेल, याचा हिशोब मी बराच वेळ करत बसलो. समोरच्या त्रोकादेरोच्या ओट्यावर चार-पाच नवऱ्या झगे सावरत फोटोसाठी उभ्या होत्या. मी नवऱ्यांकडं कमी आणि फोटोवाल्यांच्या हाताकडंच जास्त पाहत होतो. आता खुंटी नसते, तरी.

मित्राला व्हिडिओ कॉल लावला. तो वावरात होता, मागं तुरी. त्यानं बायकोलाही हाक मारून बोलावलं. मी फोन गोल फिरवून टॉवर, बाग, नदी सगळं दाखवलं.

"बे, अन् डोंगर?" तो म्हणाला. "उजव्या अंगाले दाखव. बाबा हायेत तिथले."

पॅरिसमध्ये डोंगर नाही. मोंमार्त्रची टेकडी आहे, ती 130 मीटरची. बर्फाचे डोंगर बघायचे तर रेल्वेनं काही तास जावं लागतं. मी फोन उजवीकडं वळवला. आभाळ भरून आलं होतं.

"ढगात हाय," मी म्हणालो.

"हाव का," तो म्हणाला. "मंग राहू दे."