आमची वाटचाल : एका विकतच्या ग्रिडसोबतची वर्षे

वितरकांसाठी बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर करायचे ठरवून आम्ही तिघांनी ही फर्म सुरू केली, तेव्हा बाजारात जे तयार मिळते ते स्वतः लिहीत बसू नये, यावर तिघांचेही एकमत होते. स्क्रीनवरचा तक्ता, म्हणजे ज्याला या धंद्यात सगळे ग्रिड म्हणतात, तो लिहायला आम्हाला वर्ष लागले असते. एका नावाजलेल्या कंपनीची लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, विकत मिळत होती, डेमोमध्ये ती झकास चालत होती आणि तिची किंमत आमच्यापैकी एकाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढीही नव्हती. (आमचे पगार तेव्हा किती होते, हा भाग वेगळा.)

पहिल्या काही ग्राहकांकडे सारे सुरळीत चालले. मग एका मोठ्या ग्राहकाचा फोन आला, की संध्याकाळ झाली की तुमचे सॉफ्टवेअर काळे पडते. आधी बटणांवरची चित्रे नाहीशी होत, मग ग्रिडची शीर्षके काळी होत आणि शेवटी प्रोग्रॅम बंद पडे. तो पुन्हा उघडला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तक्रार नसे. आम्ही पहिला संशय स्वतःच्या कोडवर घेतला, नंतर डिस्प्ले ड्रायव्हरवर, आणि ग्राहकाला एकदा रॅमसुद्धा बदलायला लावली, ज्याची लाज अजून वाटते. उलगडा झाला तो टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना चालू केल्यावर. हे ऑब्जेक्ट्स म्हणजे फॉन्ट, ब्रश, बिटमॅप अशा चित्रणाच्या वस्तू. त्या विंडोज एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रॅमला, मुळात १०,००० पर्यंतच देते, आणि बिलाची विंडो एकदा उघडून बंद केली की आमचा आकडा १४ ने वाढत होता व पुन्हा खाली येत नव्हता. दिवसाला सातशे बिले करणाऱ्याची मर्यादा संध्याकाळी संपे. शंभर बिले करणाऱ्याला काहीच जाणवत नसे, कारण तो रात्री संगणक बंद करून घरी जाई.

रिकामा फॉर्म, त्यावर फक्त तो ग्रिड आणि उघड-बंद करणारा एक लूप, एवढाच प्रकल्प करून आम्ही तो कंपनीच्या सपोर्टला पाठवला. पहिले उत्तर आले की कृपया नमुना प्रकल्प पाठवा. तो सोबत जोडलेलाच होता. दुसरे उत्तर आले की आमच्याकडे हा दोष दिसत नाही, आणि तिसरे, की विषय डेव्हलपमेंट विभागाकडे दिला आहे. त्यानंतर दोन महिने शांतता होती. सोर्स कोड फक्त महागड्या आवृत्तीसोबत मिळे आणि डीएलएल (लायब्ररीची तयार, संगणकालाच वाचता येणारी फाइल) उलगडून पाहायला लायसन्सची मनाई होती, त्यामुळे दोष कोठे आहे याचा अंदाज येऊनही हात लावता येत नव्हता. अखेर आम्हीच पळवाट काढली : बिलाची विंडो बंद करायचीच नाही, नुसती लपवायची आणि पुढच्या बिलाला तीच पुन्हा दाखवायची. पुढे कंपनीने कळवले की नव्या मुख्य व्हर्जनमध्ये दोष काढला आहे. ते व्हर्जन अर्थातच पुन्हा पैसे भरून घ्यायचे होते. आम्ही घेतले, दर बिलामागे परत न मिळणाऱ्या वस्तूंची गळती १४ वरून २ वर आली आणि ग्राहकांनी जतन केलेली रकान्यांची मांडणी वाचणेच बंद झाले.

नंतर ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, उत्पादन गुंडाळले गेले आणि लायसन्स सक्रिय करणारा सर्व्हर बंद झाल्याने नव्या संगणकावर आम्हाला आमचेच सॉफ्टवेअर बिल्ड करता येईना. ६४ बिटची आवृत्ती कधीच निघाली नव्हती आणि ६४ बिट प्रोसेस ३२ बिटची डीएलएल लोड करत नाही, तेव्हा तो ग्रिड काढणे भागच होते. त्या कामाला सात महिने लागले, कारण सुरुवातीच्या उत्साहात आम्ही दोनशेहून अधिक फाइलींत त्याला थेट हाक मारून ठेवली होती. हा दोष मात्र त्या कंपनीचा नव्हे, आमचाच.

विकतच्या लायब्ररीला आम्ही शिवतच नाही, असे मात्र नाही. बारकोडची एक आम्ही आजही दरवर्षी पैसे भरून वापरतो, कारण प्रश्न विचारला की तो कोड लिहिणारा माणूसच दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. उलट, फुकट घेतलेल्या एका मुक्तस्रोत लायब्ररीला वर्षभरात वालीच उरला नाही. पण तिचा कोड हाताशी असल्याने दुरुस्ती एका दुपारीत झाली. आता खरेदीपूर्वी आम्ही सपोर्टला एक अडचणीचा तांत्रिक प्रश्न पाठवून कोण उत्तर देतो ते पाहतो, चाचणीच्या मुदतीत नमुना फॉर्म हजार वेळा उघडून बंद करतो, आणि बाहेरची प्रत्येक लायब्ररी आमच्या स्वतःच्या एकाच क्लासच्या (कोडच्या एका भागाच्या) आड ठेवतो, म्हणजे तिला हाक मारायची ती फक्त तिथूनच.

ग्रिड बदलला, तरी बिलाची विंडो अजूनही बंद न होता लपतेच. नव्या ग्रिडला त्याची गरज नाही हे आम्ही मोजून पाहिले आहे, पण ती ओळ काढायला तिघांपैकी कोणीही तयार नाही.