पाळीत ‘जास्त जातंय’ म्हणजे नेमकं किती?

‘खूप जातंय’ म्हटलं की डॉक्टर विचारतात, किती? तिथे बऱ्याचजणी अडखळतात. पुस्तकातलं माप एका पाळीत 80 मिलीलिटर रक्ताचं, पण ते घरी कोण मोजणार? त्यापेक्षा ठाणेकरणींना सोपं जाईल असं माप घ्या. धिम्या लोकलने ठाण्याहून सीएसएमटीला साधारण तास लागतो. निघताना लावलेला नवा पॅड उतरेपर्यंत पूर्ण भिजला आणि पुढच्या तासात दुसराही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत चक्कर, धाप किंवा छातीत धडधड असेल तर एकटीने रिक्षा पकडू नका. 108 ला फोन करा.

दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, 8 दिवसांच्या पुढे जात राहणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग दिसणं, हेही तपासून घ्यायचंच. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. 24 ते 38 दिवस ठीक. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मुलींची तारीख मागेपुढे होते, त्याची फार काळजी नको. पण पहिल्याच पाळीपासून धो धो जात असेल तर रक्त न गोठण्याचा आजार नाही ना, ते बघावं लागतं.

दुधाच्या खुणा करता त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रेघा मारा: भिजलेल्या पॅडला पूर्ण रेघ, अर्ध्याला अर्धी, गाठ पडली तर गोल. तीन महिन्यांचं हे पान तासाभराच्या वर्णनापेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामाचं. गणपतीत पाळी पुढे ढकलायला गोळ्या घेतल्या असतील तर तेही त्यावर लिहा. त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि मध्येच एखादी चुकली तरी डाग दिसतात. हे सांगितलं नाही तर कारण भलतीकडेच शोधलं जातं. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणूच नका.

पाळी लांबून मग डाग दिसू लागले तर आधी गरोदरपणाची चाचणी, कॉपर-टी असली तरी. ती पॉझिटिव्ह असेल आणि पोटात एका बाजूला दुखत असेल तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असू शकतो. तेव्हा तासही घालवू नका.

‘पाळी जाताना असं व्हायचंच’ या वाक्याने मात्र फार नुकसान केलंय. बारा महिने पाळी नाही आणि मग तपकिरी डाग जरी दिसला, एकदाच दिसला, तरी दाखवायचं. बहुतेक वेळा गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ झाल्याने तसं होतं, पण गर्भाशयाचा कॅन्सर नाही याची खात्री आधी हवी. सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर त्याचा तुकडा तपासतात. पाळी चालू असली तरी पंचेचाळिशीनंतर ती बिघडली तर हीच तपासणी सुचवतात. घाबरून ती टाळू नका. लवकर सापडलेला हा कॅन्सर बहुधा बरा होतो.

बाकी तपासण्या साध्या: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), थायरॉइड, सोनोग्राफी. त्यात फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पॉलिप (अस्तरावरची मांसल वाढ) किंवा पीसीओडी (बीजकोशांचा विकार) कळतं. हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं तरी फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची तपासणी करायला सांगा. तो साठा आधीच रिकामा झालेला असू शकतो. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा दोन तास लांब ठेवा. शौचाला काळी होते ती गोळीमुळे, म्हणून गोळी सोडू नका.